सत्तावनच्या युद्धाचे ‘फोटो’ : चित्रावरून घेतलेल्या छायाचित्रांची कहाणी

डहाणू, प्रतिनिधी

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन जवळ आले, की शाळांचे व्हरांडे स्वातंत्र्यलढ्याच्या तक्त्यांनी सजू लागतात. डहाणू आणि तलासरीचे तालुके त्याला अपवाद नाहीत. या तक्त्यांवर एक चित्र हमखास आढळते. तोफांची एक रांग, प्रत्येक तोफेच्या तोंडाला बांधलेला पांढऱ्या कपड्यांतील माणूस आणि मागे उभे असलेले गोरे सैनिक. खाली ओळ असते, ‘१८५७ : बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी दिले.’ चित्र बहुधा काळे-पांढरे आणि थोडे धूसर असते. त्यामुळे ते कोणीतरी त्या ठिकाणी उभे राहून घेतलेले छायाचित्र असावे, असा समज होतो.

वस्तुतः ते छायाचित्र नाही. एका रशियन चित्रकाराने सुमारे २७ वर्षांनंतर, म्हणजे १८८४च्या सुमारास रंगविलेल्या तैलचित्राची ती छायाचित्रित प्रत आहे. मूळ चित्र आज कोणत्याही सार्वजनिक संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. जगाला ते ठाऊक आहे ते केवळ त्याच्या प्रतींमुळे.

एकोणिसाव्या शतकात युद्धप्रसंगांच्या चित्रांची अशी छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर काढली गेली. महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित असलेली अनेक दृश्ये याच मार्गाने आपल्या डोळ्यांपुढे आली आहेत. ती कशी तयार झाली आणि त्यांच्यावर कितपत विसंबून राहावे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वेरेश्चागिनचे चित्र

तोफांच्या त्या चित्राचा कर्ता वासिली वेरेश्चागिन. त्याचा जन्म १८४२चा, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता आणि रशियात होता. हिंदुस्थानात तो प्रथम आला १८७४मध्ये. १८७६पर्यंत त्याने येथे प्रवास केला आणि १८८२-८३मध्ये तो पुन्हा येऊन गेला. त्यानंतर त्याने मृत्युदंडाच्या विषयावर तीन मोठी चित्रे रंगविली. रोमनांनी दिलेला क्रूसदंड, रशियातील कटवाल्यांची फाशी आणि इंग्रजांनी हिंदी बंडाचा केलेला बीमोड, असे ते तीन विषय होते.

चित्रातील सैनिकांचा गणवेश १८५७चा नाही. तो चित्रकाराच्या स्वतःच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. पंजाबात मलेरकोटला येथे जानेवारी १८७२मध्ये नामधारी शिखांना, म्हणजे कुक्यांना, तोफेच्या तोंडी देण्यात आले होते. त्या घटनेशीही हे चित्र जोडले जाते. चित्रकार मात्र त्या वेळीही हिंदुस्थानात नव्हता.

तेव्हा हे चित्र खोटे म्हणावयाचे काय? तसेही नाही. तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा प्रत्यक्षात दिली गेली होती. १० जून १८५७ रोजी पेशावर येथे ५५व्या पलटणीतील ४० शिपायांना अशाच प्रकारे मारण्यात आले. वेरेश्चागिनने एका क्रूर प्रथेचा निषेध रंगविला आणि तो युरोपभर गाजला. मात्र एका विशिष्ट दिवसाचा, विशिष्ट मैदानावरचा पुरावा म्हणून ते चित्र पुढे करता येत नाही. कॅमेऱ्यातून त्याची प्रत निघाली, रंग गेले, ब्रशाचे फटकारे दिसेनासे झाले आणि निषेधाचे चित्र पाहता पाहता ‘पुरावा’ होऊन बसले.

मुंबईतील १५ ऑक्टोबर

अशीच शिक्षा मुंबईतही दिली गेली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. १८५७च्या दिवाळीच्या सुमारास मुंबईतील शिपाई उठाव करणार असल्याचा सुगावा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांना लागला. त्यानंतर झालेल्या लष्करी चौकशीत मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १०व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया या दोघांना देहदंड ठोठावण्यात आला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर त्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजचे आझाद मैदान हा त्याच एस्प्लनेडचा भाग.

विशेष म्हणजे मुंबईत त्या वेळी कॅमेरे होते. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४मध्ये झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात भाग घेत होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्गही सुरू झाले होते. तरीही तक्त्यांवर या दोघांची नावे क्वचितच दिसतात. त्यांच्या जागी दिसतात ती वेरेश्चागिनने कल्पनेने रंगविलेली अनामिक माणसे. ज्यांची नावे, हुद्दे आणि मृत्यूची तारीख आपल्याला ठाऊक आहे, त्यांना आपण विसरलो आणि जे दृश्य कोणी पाहिलेलेच नाही ते लक्षात ठेवले.

कॅमेरा होता, पण लढाई टिपता येत नव्हती

१८५०च्या दशकात प्रचारात असलेली पद्धत ‘ओल्या काचे’ची होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ती १८५१मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि थर वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन घ्यावयाची. हे सारे काही मिनिटांत आटोपावे लागे. छायाचित्रकाराबरोबर काचा, रसायने, पाणी आणि तंबू यांचा लवाजमा असे. कॅमेऱ्याचे तोंड काही सेकंद उघडे ठेवावे लागत असल्याने हललेली प्रत्येक वस्तू पुसट होई. धावणारा घोडा, उगारलेली तलवार, तोफेचा भडका यांचे स्पष्ट चित्र निघणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून छायाचित्रकार लढाई संपल्यावर पोहोचत. फेलीचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८मध्ये लखनौला आला. तेथील सिकंदर बागेची लढाई नोव्हेंबर १८५७मध्ये होऊन गेली होती. त्याच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात बागेच्या अंगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. ती कित्येक महिन्यांनंतर छायाचित्रासाठी मांडण्यात आली होती, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे प्रत्यक्ष जागेवरचे छायाचित्रही डोळे झाकून स्वीकारता येत नाही.

लढाईतील हालचाल दाखविण्याचे काम चित्रकारांकडेच राहिले. लंडनमध्ये १८४२मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक निघाले. रणभूमीवरून आलेले कच्चे रेखाटन तेथे लाकडी ठोकळ्यावर उतरविले जाई. मोठ्या चित्रासाठी लहान लहान ठोकळे एकत्र जोडलेले असत. ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना कोरावयास देत आणि नंतर पुन्हा जोडत. त्यामुळे वेळ वाचे. मात्र एका माणसाने पाहिलेले दृश्य अनेक हातांतून जाऊन छापले जाई. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात तारायंत्राची थेट सोयही १८६५पर्यंत नव्हती. बोटीने येणारी पत्रे आणि रेखाटने यांचाच आधार होता.

छायाचित्र थेट वर्तमानपत्रात छापण्याची सोय त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी ठिपक्यांच्या, म्हणजे हाफटोन ठशाने छायाचित्र छापले, ते या क्षेत्रातील आरंभीचे उदाहरण मानले जाते. तोपर्यंत एक विचित्र देवाणघेवाण चालू होती. छापण्यासाठी छायाचित्रावरून कोरीवचित्र केले जाई आणि घराघरांत विकण्यासाठी चित्राचे वा कोरीवचित्राचे छायाचित्र काढले जाई.

चित्राचे छायाचित्र का काढीत?

याचे पहिले कारण पैशाचे. मोठे तैलचित्र एकच असते. त्याचे कोरीव छाप महाग पडत. कॅमेऱ्यासाठी मात्र चित्र हे सर्वांत सोयीचे गिऱ्हाईक होते. ते हलत नाही. उन्हात सरळ उभे करावे, काच त्याला समांतर धरावी आणि हवा तितका वेळ कॅमेरा उघडा ठेवावा. एकदा काचेची निगेटिव्ह तयार झाली, की अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अल्ब्युमिन कागदावर हव्या तितक्या प्रती निघत. फ्रान्समध्ये दिस्देरी याने १८५४मध्ये छोट्या ‘भेटकार्ड’ छायाचित्राचे पेटंट घेतले. साधारण दहा सेंटिमीटर उंचीची ही कार्डे पुढे अल्बममध्ये जमविण्याची लाट आली. राजे, सेनापती, नट यांच्या शेजारी लढायांच्या चित्रांच्या प्रतीही त्यात जाऊन बसल्या.

हा धंदा इतका फोफावला, की मूळ कोरीव छापांच्या प्रकाशकांना न्यायालयात जावे लागले. १८६३मध्ये ‘गॅम्बार्ट विरुद्ध बॉल’ या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने कोरीवचित्राची छायाचित्राद्वारे प्रत काढणे हाही हक्कभंगच असल्याचा निर्णय दिला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२मध्ये, तेथे चित्रे आणि छायाचित्रे यांना संरक्षण देणारा कायदा झाला होता.

वर उल्लेखिलेला बिआतो आणि ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा चित्रकार-वार्ताहर चार्ल्स विर्गमन यांनी पुढे जपानमध्ये योकोहामा येथे भागीदारीत व्यवसाय केला. विर्गमनने चित्र काढावे आणि बिआतोने त्याचे छायाचित्र घेऊन विकावे, असाही त्यांचा क्रम होता. जे कॅमेऱ्याला थेट टिपता येत नव्हते ते चित्रकाराच्या हाताने टिपून कॅमेऱ्याने वाटावयाचे, ही त्यामागची कल्पना.

दुसरे कारण सरकारी होते. नकाशे आणि रेखाटने हुबेहूब छापण्यासाठी इंग्लंडच्या भूमापन खात्याने साउदॅम्प्टन येथे १८५९-६०च्या सुमारास ‘फोटोझिंकोग्राफी’ विकसित केली. छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर ठसा उतरवून छापण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि पुणे हे तिचे केंद्र झाले. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात त्या पद्धतीची खूण राहिली आहे.

पुणे दरबाराचे चित्र

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांना परिचित असे एक चित्र या संदर्भात तपासण्यासारखे आहे. पुण्यात पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट तह करीत आहे, सवाई माधवराव गादीवर आहेत, शेजारी नाना फडणीस आहेत. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धासाठी १७९०मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम यांची जी युती झाली, तिचा हा प्रसंग.

हे चित्र रंगविले थॉमस डॅनियल याने, १८०५मध्ये, इंग्लंडमध्ये. तो दरबारात हजर नव्हता. त्याने ज्याच्या रेखाटनांचा आधार घेतला तो जेम्स वेल्स हिंदुस्थानात आला १७९१मध्ये, म्हणजे तह झाल्यानंतर. वेल्सने पुण्यात राहून पेशवे आणि नाना यांना समोर बसवून त्यांची चित्रे काढली होती. त्यामुळे चेहरे विश्वासार्ह आहेत. मात्र कोण कोठे बसले, कोणी कोणाकडे पाहिले, ही मांडणी नंतरची. १७९५मध्ये वेल्सचा मृत्यू झाला. डॅनियलच्या चित्रावरून चार्ल्स टर्नर याने १८०७मध्ये कोरीव छाप तयार केला.

आता साखळी पाहा. तह १७९०चा, चेहऱ्यांची रेखाटने त्यानंतरची, तैलचित्र १८०५चे, कोरीव छाप १८०७चा आणि पुस्तकात दिसते ती छापाची वा चित्राची छायाचित्रित प्रत. प्रत्येक पायरीवर काही गळले आणि काही भर पडली. लखनौच्या सुटकेचे प्रसिद्ध चित्रही असेच आहे. ते रंगविणारा थॉमस जोन्स बार्कर हिंदुस्थानात कधीही आला नाही. एगरॉन लुंडग्रेन या स्वीडिश चित्रकाराने येथे केलेली रेखाटने त्याने आधाराला घेतली.

चुकीचे ‘नानासाहेब’

प्रतींवर विसंबण्याचा परिणाम कधी कधी गंभीर होतो. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले आणि ब्रह्मावर्ती दत्तक गेलेले नानासाहेब पेशवे १८५७नंतर इंग्रजांना सर्वाधिक हवे असलेले गृहस्थ होते. त्यांची मुद्रा पाहण्यास इंग्लंडचे वाचक उत्सुक होते आणि सचित्र साप्ताहिकातून ‘नानासाहेब’ म्हणून एक चित्र प्रसिद्धही झाले. विल्यम फोर्ब्स-मिचेल या सैनिकाने १८९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सांगितले आहे, की ते चित्र नानासाहेबांचे नव्हते, तर लष्कराला रसद पुरविणाऱ्या अजुध्या प्रसाद नावाच्या कंत्राटदाराचे होते.

नानासाहेबांचा शोध पुढे कित्येक वर्षे चालू राहिला आणि संशयावरून भलतीच माणसे पकडली गेली. १८७४मध्ये ग्वाल्हेरला नानासाहेब म्हणून एका माणसाला इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. चौकशीअंती तो नानासाहेब नसल्याचे निष्पन्न झाले. खात्रीचे चित्र हाताशी नसणे ही तेव्हा काही जणांच्या जिवाशी गाठ होती.

याउलट, जे प्रत्यक्ष पाहिले गेले ते शब्दांत टिकले. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये उत्तरेकडे गेले आणि सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला तेव्हा, मार्च-एप्रिल १८५८मध्ये, ते शहरात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत १९०७मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केला. वेढ्यातील उपासमार, आगी, लूट आणि भीती यांचे जे वर्णन या भिक्षुकाने केले आहे, ते कोणत्याही परदेशी चित्रात सापडत नाही. विष्णुभटांजवळ ना कॅमेरा होता ना कुंचला. ते तेथे होते, एवढेच त्यांचे भांडवल.

प्रत कशी ओळखावी?

घरातील जुन्या अल्बममध्ये, शाळेच्या संग्रहात किंवा पुस्तकात युद्धाचे जुने ‘छायाचित्र’ आढळल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. हालचाल : १८५० ते १८७०च्या दरम्यानच्या चित्रात घोडे उधळलेले, धूर गोठलेला आणि माणसे धावताना स्पष्ट दिसत असतील, तर ते चित्राचे छायाचित्र असण्याचीच शक्यता अधिक.

२. रेषा : भिंगातून पाहावे. सावलीच्या जागी आडव्या-तिरप्या बारीक रेषांची जाळी दिसल्यास मूळ कोरीवचित्र आहे. केवळ समान अंतरावरचे ठिपके दिसल्यास ती हाफटोन छपाई आहे.

३. रंगांची छटा : जुन्या काचेला निळा रंग फिकट आणि तांबडा रंग काळा दिसे. हा दोष सुधारण्याचा मार्ग हर्मान फोगेल याने १८७३मध्ये दाखविला. तत्पूर्वीच्या प्रतींत इंग्रज सैनिकांचे तांबडे डगले काळपट दिसतात. त्यावरून गणवेशाचा रंग ठरवू नये.

४. कडा : चित्राच्या चौकटीची सावली, कागदाची सुरकुती वा कोपऱ्यात चित्रकाराची सही यांपैकी काही छायाचित्रात आले आहे का, ते पाहावे.

५. तळची अक्षरे : कोरीव छापाच्या खाली डावीकडे चित्रकाराचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव असते. चित्रकाराच्या नावापुढे ‘पिंक्सिट’ (रंगविले) आणि कोरणाऱ्याच्या नावापुढे ‘स्कल्प्सिट’ (कोरले) हे लॅटिन शब्द, किंवा त्यांची संक्षिप्त रूपे असतात. पुस्तकात छापताना हीच ओळ बहुधा कापली जाते.

६. पुठ्ठ्याची मागची बाजू : छायाचित्रकाराचे वा दुकानाचे नाव येथे छापलेले असते. ते प्रत काढणाऱ्याचे असते, चित्रकाराचे असेलच असे नाही. म्हणून पुठ्ठा काढून टाकू नये व त्यावर नवा कागद चिकटवू नये.

आपल्या भागासाठी याचा अर्थ

हा विषय दूरच्या लखनौ-पेशावरपुरता नाही. डहाणू-तलासरीच्या परिसरालाही संघर्षाचा स्वतःचा इतिहास आहे. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारली बांधवांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा महाराष्ट्रभर पोहोचला. म्हणजे येथेही स्मृती प्रथम टिकली ती शब्दांत.

अशा प्रसंगांची चित्रे नंतर काढली जातात आणि ती काढलीही जावीत. भित्तिचित्रे, फलक, वारली शैलीतील चित्रे यांतून नव्या पिढीला इतिहास कळतो. मात्र आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढला, त्याचा रंग उडवला आणि खाली तारीख टाकली, की काही दिवसांत तो ‘त्या दिवसाचा फोटो’ म्हणून फिरू लागतो. एकोणिसाव्या शतकात ज्या गोष्टीला वर्षे लागली, तिला आज एक दिवसही पुरतो. पुढे कोणी खऱ्या घटनेवरच शंका घेतली, तर चुकीची ओळ असलेले हे चित्र तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणार नाही. उलट ते विरोधकाच्याच हाती पडेल.

त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : प्रसंग कोणत्या तारखेचा, चित्र कोणी काढले, कोणत्या वर्षी काढले आणि छायाचित्र कोणी घेतले. शाळेच्या तक्त्यावरील तोफांच्या चित्राखालची ओळ मग अशी होईल : ‘वासिली वेरेश्चागिन याने १८८४च्या सुमारास रंगविलेल्या चित्राची प्रत. मुंबईत अशी शिक्षा १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना देण्यात आली.’

ओळ थोडी लांबेल. पण त्या दोघांची नावे तरी मुलांच्या वाचनात येतील.